फर्दापूरहून निघालेली यमुना

"यमुना कुठं गेली रे?" मी दात घासत असताना साळुंके काका जिन्यातूनच ओरडून विचारायचे. यमुना त्यांची लेक नव्हे, भाचीही नव्हे. ती त्यांच्या कादंबरीतली होती आणि सातव्या प्रकरणानंतर बेपत्ता होती.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. उस्मानपुऱ्यात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि त्यांची कादंबरी टाईप करून द्यायचो. जन्मभर तलाठी म्हणून जमिनीच्या नोंदी केलेला हा माणूस कादंबरीतली माणसंही तशीच सांभाळायचा. लांबलचक रजिस्टर, प्रत्येक पात्राला एक पान, एक नंबर. कुणी मेलं, कुणी बिऱ्हाड हलवलं, कुणी मिशा काढल्या, की लगेच फेरफार, म्हणजे बदलाची नोंद. "तोंडी काय चालत नाय. नोंद हाय का? मग खरं." एकदा एका म्हाताऱ्याला मेलेला समजून मी पुढे टाईप करत गेलो, तर कडाडले, "फेरफार मंजूर झाला का त्याचा? तवर जित्ता हाय तो!" एकवीस नंबरचा मामा कोणता आणि बेचाळीसचा कोणता, यात माझं डोकं पार बधिर व्हायचं.

यमुनेचा घोळ मात्र काकांनाही सुटेना. सातव्या प्रकरणात तिचं लग्न लागतं, वऱ्हाड फर्दापूरहून पडेगावला निघतं. आठव्यात पडेगावचं घर आहे, सासू आहे, सुशीला नावाची सून चहा गाळते आहे. यमुना कुठेच नाही. मधे काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तीन महिने लिहिणं बंद. काय योजलं होतं ते त्यांना काही केल्या आठवेना.

"काका, काढूनच टाका ना तिला," मी म्हटलं.

ते दुखावले. "खातेदार आसा काढता येत नाय, बाबा. लेक वाटंत हरवली आन् बाप पुढची पानं लिहितोय, व्हय?"

पुस्तक तिथेच अडलं. तब्येत उतरत चाललेली आणि ते डोळ्यांदेखत पुरं व्हावं एवढी एकच इच्छा. मला फार वाईट वाटायचं, पण उपाय सुचत नव्हता.

एका सकाळी आम्ही रजिस्टर उपसत बसलो होतो. शेजारी काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी कादंबरीचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

"लगीन झालं ना तिचं?" त्या म्हणाल्या. "मग सासरी तांदळात दुसरं नाव लिहिलं आसंल. तीच की ती, चहावाली."

काकांनी भराभर सुशीलेचं पान उघडलं. काकांनी रिवाजाप्रमाणे सुनेचं नाव बदललं होतं, पण नोंद राहिली होती, आणि पुढे त्या नव्या नावाने वेगळंच पान उघडलं होतं. "लई मोठी चूक," ते पुटपुटले. फेरफार लिहायला घेतला आणि मधेच थांबले.

"तुझं काय गं नाव होतं? म्हायेरचं?"

काकू हसल्या नाहीत. "द्वारका. एकावन्न वर्सांत आज इचारलं."

कादंबरी पुढे दोन महिन्यांत पुरी झाली, काकांनी ती हातातही घेतली. पण काकूंना त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून माहेरच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा बाहेरच्या खोलीतून "द्वारका!" ऐकू आलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात होतो. पुन्हा हाक आली, मग तिसऱ्यांदा. काकू भाकरी थापतच राहिल्या. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुणाला बोलावतायत रे हे?"