पायउतार

शिपायानं माझ्या सायकलला हात लावला नाही. चाकाच्या तारांत काठी घातली आणि सायकल फरफटत नेली.

कॉलेजातला माझा तो पहिलाच आठवडा होता. वाशिमचं कॉलेज. टिनाचं लांब शेड, त्याखाली ओळीनं सायकली. सायकल आत आणायची तर पत्र्याचा बिल्ला लागायचा, त्यावर नंबर रंगवलेला. मी ऑफिसात जाऊन तो रीतसर घेतला होता, हँडलला तारेनं घट्ट बांधला होता. म्हणून बिनधास्त दोन चकचकीत सायकलींच्या मधे माझी उभी केली. मधल्या सुट्टीत बाहेर आलो तर शिपाई तिला ओढत होता. काठी तारांवर खडखड वाजत होती. एक तार तुटली. पोरं व्हरांड्यातून बघत होती.

"कोनाची हाये बे हे?"

"माही."

"इथं नाही ठेवाची. तुहा हँडल त्यायच्या सायकलले लागते."

मी बिल्ला दाखवला. त्यानं बिल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बिल्ला सायकल आननाचा हाये. जागा कोठी ते मी सांगतो. तुमच्या पोट्ट्यायची तिकडं, बाभयीखाली."

व्हरांड्यात हशा पिकला. लोखंडाला विटाळ होतो, हे मला उच्च शिक्षण घ्यायला गेल्यावर कळलं. गावच्या शाळेत एवढं शिकवलं नव्हतं.

बाभूळ कंपाउंडच्या पार टोकाला होती. खाली काट्यांचा सडा. तिथं आमच्या चार-पाच सायकली उभ्या असायच्या, सगळ्या बौद्धांच्या पोरांच्या. रोज कुणाची ना कुणाची पंक्चर. संध्याकाळी हवा गेलेली सायकल हाताशी धरून घरापर्यंत चालत जायचं. प्राचार्यांना एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, तिकडे छान सावली आहे, तुमच्याच सोयीसाठी दिली आहे.

मला राग आला नाही. हे आधीच सांगून टाकतो. आता लिहिताना येतो, पण तेव्हा आला नाही. ते सगळं मला ओळखीचं वाटलं.

माझं गाव वाशिमपासून अडीच कोसांवर. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक माणसं ओळखायला लागतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. गावात शिरलं की आधी पाटलाचं घर, त्याच्यापुढूनच आमच्या वस्तीची वाट. घराच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलंच असायचं. माझा बा त्या घरी सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी.

छप्पननंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. वाकून जोहार घालणं सोडलं. घरातले देव बाहेर काढले. पाटलाच्या घरापुढून चपला हातात घेऊन जाणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, पण सोडलं. फक्त एक गोष्ट राहून गेली. छप्पन साली वस्तीत एकही सायकल नव्हती, म्हणून सायकलवरून उतरणं सोडायचं कुणाला सुचलंच नाही. पुढं एक-दोन सायकली आल्या. ओट्यावरून आवाज आला, "उतर बे!" माणसं उतरली. मग आवाज द्यायचीही गरज राहिली नाही.

माझी सायकल कामरगावच्या मामाची. मामा पोस्टमन होता, त्याची जुनी सायकल त्यानं मला कॉलेजासाठी दिली. बाला स्वतःला सायकल येत नव्हती. तो मागून कॅरिअर धरून पळायचा आणि मी पायडल मारायचो. पण त्या सगळ्याच्या आधी त्यानं मला पाटलाच्या घरापाशी नेलं आणि कुठल्या दगडापाशी उतरायचं ते दाखवलं. बसायला शिकायच्या आधी मी उतरायला शिकलो.

तर कॉलेजच्या फाटकावर बोर्ड होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. 'सायकलस्वारांनी फाटकापाशी पायउतार व्हावे.' पहिल्या दिवशी तो वाचला. मनात म्हटलं, पाटलाचा ओटा इथंही आहे. गावात तोंडी होतं ते इथं रंगवून लावलंय, शिकलेल्या लोकांचं गाव ना! मी उतरलो. माझ्या दोन्ही बाजूंनी देशमुखांची, पाटलांची, व्यापाऱ्यांची पोरं घंटी वाजवत सायकलवरून सरळ आत गेली. मग तर खात्रीच पटली.

आम्ही सगळे उतरायचो. बाभळीखालची ती चार-पाच पोरं. कुणी कुणाला विचारलं नाही. मॅट्रिक झालेली पोरं होतो आम्ही, मराठीत बरे मार्क मिळवलेली. सायकलस्वार म्हणजे जो सायकलवर बसतो तो, एवढा सोपा अर्थ आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरला नाही. आजही कधी एकटा बसलो की हे आठवतं. कुणीतरी आमच्या डोळ्यांवर बसून आमच्याऐवजी वाचत होतं.

दिवाळीनंतर नागपूरकडचे एक नवे सर आले. अर्थशास्त्र शिकवायचे. तरुण, जाड चष्म्याचे, सायकलवरून यायचे. पहिल्याच दिवशी मी पाहिलं, सर फाटकापाशी आले, उतरले आणि सायकल हातात धरून आत चालत गेले.

मला केवढा आनंद झाला! आपला माणूस! आपला माणूस प्रोफेसर झाला! त्या दिवशी घरी जाऊन मायला सांगितलं. मायनं चूल फुंकता फुंकता विचारलं, "खरंच का रे?" आणि धुरातच डोळे पुसले. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी सरांना फाटकाच्या आत गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच विचारलं,

"सर, तुम्ही आपलेच का?"

"आपले म्हणजे?"

मला सांगता येईना. शेवटी म्हणालो, "तुम्ही फाटकापाशी उतरता, म्हणून विचारलं."

सर हसले. "अरे, बोर्ड आहे ना तिथं! सगळ्यांनीच उतरायचंय. इथं कुणी वाचत नाही, एवढंच." माझ्या पाठीवर थाप मारून ते वर्गात गेले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही.

मी तिथंच उभा राहिलो. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, मी उभाच. सगळ्यांनीच. मी परत फाटकापाशी गेलो आणि तो बोर्ड लहान पोरासारखा अक्षरावर बोट ठेवल्यागत वाचला. त्यात माझी जात कुठंच नव्हती. ती मी घरून आणली होती, इतके महिने रोज येताना आणत होतो. तेव्हा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. उतरलो, सायकल फाटकात आडवी धरून उभा राहिलो. पोरं यायला लागली. एक-दोघं बाजूनं निसटली. मग संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या आला. माझ्याच वर्गात होता, माझं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. नवी कोरी डायनामोची सायकल.

"बाजूले हो बे."

"भाऊ, उतरून या. बोर्ड लावेल हाये."

त्यानं बोर्डाकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग माझ्याकडे पाहिलं.

"तो बोर्ड तुमच्यासाठी हाये."

"आमच्यासाठी म्हनून कोठी लिवलं हाये? दाखवा."

त्यानं दाखवलं नाही. तो उतरला. मला मारायला उतरला, पण उतरला. कानफटात बसली, मी सायकलीसकट पडलो, ओठ फुटला. तो माझ्यावर ओरडत होता आणि मला मात्र त्याचे पाय दिसत होते. दोन्ही जमिनीवर होते.

प्राचार्यांनी मला बोलावलं. त्याला बोलावलं नाही. "तू संस्थेच्या माणसाला अडवलंस," ते म्हणाले. मी म्हणालो, नियम आहे सर. ते म्हणाले, "नियम सोयीसाठी असतात. वडिलांना घेऊन ये. माफी लिहून द्यायची, नाहीतर बिल्ला जमा करायचा."

बिल्ला गेला की सायकल गेली, फाटकाबाहेर ती कुणाच्या भरवशावर ठेवणार? सायकल गेली की रोज अडीच कोस जायचं आणि अडीच कोस यायचं, पायी. अशी पोरं कॉलेज सोडून शेतात जातात, हे प्राचार्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

बा आला. पाटलाकडून एक दिवस मागून घेऊन आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. प्राचार्यांच्या खोलीबाहेर त्यानं चपला काढल्या. तशी पद्धत नव्हती, आत सगळे बूट-चपला घालून बसले होते. खुर्ची रिकामी होती, पण त्याला कुणी बस म्हणालं नाही, म्हटलं असतं तरी तो बसला नसता. कोपऱ्यात ते नागपूरचे सर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"लिहून दे ना बापू," बा म्हणाला. "कागदच हाये."

"काय लिवू बा? नियम वाचला म्हनून माफ करा, असं लिवू?"

बाचे हात जोडलेलेच होते. ते हात मला अजून दिसतात. मी बाहेर गेलो, हँडलची तार सोडवली, बिल्ला आणून टेबलावर ठेवला.

"हा घ्या. माफी नाही लिहिणार."

"मग येशील कसा?"

"पायी येईन सर. पायी येणाऱ्याला कुठून उतरवाल?"

त्यांनी बिल्ला खणात टाकला. मी थांबलो नाही.

घरी जाताना बाला म्हटलं, "बा, तू बस मांगं." तो कॅरिअरवर बसला. त्या वाटेवर सायकल शेवटचीच चालवत होतो, दमानं चालवली. दोन्हीकडं तूर उभी होती. बा अख्ख्या वाटेत एकदाच बोलला. "तू लिहून देलं असतं तं काय झिजला असता का?" मला वाटलं, उत्तर पुढं गावात देऊ.

पाटलाचं घर आलं. ओट्यावर तिघं-चौघं होते. तो दगड आला. माझा डावा पाय आपोआप पायडलवरून सुटला. मी तो परत ठेवला. पायाला घाम फुटला होता, चप्पल सटकत होती, पण दाबून ठेवला आणि पायडल मारलं.

"उतर बे!"

मी उतरलो नाही. आणि त्याच क्षणी सायकल हलकी झाली.

बा उतरला होता. चालत्या सायकलवरून, न बोलता. मी मागं वळून पाहिलं नाही. थांबलो नाही. थांबलो असतो तर मलाही उतरावं लागलं असतं. बा मागून पायी पायी आला, मी दारात सायकल लावल्यावर बऱ्याच वेळानं. मायनं दोघांना भाकरी वाढली. आम्ही जेवलो. त्या दिवसाबद्दल बा आणि मी पुन्हा एक शब्द बोललो नाही, तो जाईपर्यंत नाही.

पाडव्याला पाटलानं बाचं साल पुढं धरलं नाही. मग दुष्काळ पडला. बा आणि माय सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले. मी पायी कॉलेज केलं, बीए झालो. बाभळीखालची बाकीची पोरं काही दिवस फाटकापाशी अडखळली, मग तीही बसूनच आत जायला लागली. काहींनी मार खाल्ला. बोर्ड पुढं कुणीतरी काढून टाकला. तो नियम सगळ्यांसाठीच आहे हे उघड झालं, तेव्हा तो नकोसा झाला.

मला नोकरी लागली. स्कूटर आली, गाडी आली. एका ऑफिसात तर सावलीतल्या जागेवर माझ्या हुद्द्याची पाटी होती. तिथं गाडी लावताना मला रोज वाटायचं, आता कुणीतरी काठी घेऊन येईल. कुठलंही फाटक दिसलं की अजून डावा पाय सुटतो. आणि स्कूटरवर मागं कुणी बसलेलं असलं, बायको, लेक, कुणीही, तर मधेच मला गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. मी एक हात सोडून मागं चाचपून बघतो. बायकोनं एकदा विचारलं, काहून असं करता? तिला सांगितलं नाही.

लोक म्हणतात, आता कुठं राहिलंय तसं, विसरून जा. मी विसरणार नाही. बा कॅरिअरवरून उतरला तो मला विसरता येत नाही, आणि विसरायचाही नाही. ज्या फाटकापाशी सगळे उतरतात, तिथं मी सगळ्यांच्या आधी उतरेन. जिथं मी एकट्यानंच उतरावं असं कुणाला वाटेल, तिथं मी या वयातही फाटकात आडवा उभा राहीन. मारायला का होईना, त्यांना उतरावं लागतं. ते मी जमिनीवर पडून पाहिलेलं आहे.