गिअरबॉक्समधला भुसा

जंगल खात्याच्या साहेबानं मला फसवलं. मी माझ्या दादाला फसवलं. आणि दादानं माझ्या शब्दावर विसंबून एका मुक्या जनावराला फसवलं. हे सगळं एका लाल मोटरीपायी झालं.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात निर्मलला बंगल्या-बंगल्यापुढं सामान निघालं होतं. पलंग, आरसे, बंदुकांच्या रिकाम्या पेट्या, गुलाबाच्या कुंड्या. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या ते मोठे अंमलदार बायकामुलांसह हैदराबादला निघाले होते, तिथून पुढं कुठं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा आदिलाबादला कापसाची अडत नुकती उघडली होती. त्याआधी डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजार केले होते. विकणाऱ्याच्या दारात गाड्या भरून उभ्या असल्या की भाव करायचा नसतो, नुसतं उभं राहायचं असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

साहेब किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. त्याची मोटर विलायती, दोनच माणसांची, बसकी, तारांच्या चाकांची. टप उघडा आणि बॉनेटवर घोड्याच्या खोगिराला असतो तसा चामड्याचा पट्टा. ती तेव्हाच जुनी होती. पण तिच्याकडं पाहताना मी पाटीवाला राहिलो नाही, हे खरं.

"सेठ, ये खेलने की चीज है," साहेब म्हणाला. "इसमें कपास नहीं ढोया जाएगा."

"तो फिर खिलौने का दाम बोलो," मी म्हणालो. निर्मल म्हणजे लाकडी खेळण्यांचं गाव, तिथंच उभं राहून मी हे बोललो. तो हसला. मी हसलो नाही.

तो भाव उतरवत गेला, मी उभा राहिलो. सौदा ठरल्यावरही मी हललो नाही. वर हत्यारांची पेटी मागितली. ती मिळाल्यावर त्याचा चामडी कोट मागितला. पडद्याआडून त्याची बायको हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि त्यानं कोट अंगातून काढून सीटवर ठेवला. थंडीचे दिवस होते. आज मला तो कोट आधी आठवतो, मोटर नंतर.

त्यानं मला शेजारी बसवून गावाबाहेर चक्कर मारली. गिअर लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते. उतरताना तो एवढंच म्हणाला, "गिअर का तेल अभी मत खोलना. नया डाला है." मी त्याची नड पाहिली होती. त्यानं माझी हौस पाहिली होती.

माझ्या अडतीमागं पत्र्याचं छप्पर होतं, तिथं मोटर उभी केली. आमच्याकडं तेव्हा अशा गाडीचा मिस्त्री नव्हता. बेल्लमपल्लीला खाणीच्या लॉऱ्या दुरुस्त करणारे होते, पण त्यांनी हात लावायचेच इतके पैसे सांगितले की मी त्यांना चार गोष्टी ऐकवून परत आलो. मग स्वतःच शिकलो. काढलेला प्रत्येक नट, ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं चादरीवर मांडून ठेवायचा आणि उलट्या क्रमानं लावत जायचं, एवढीच माझी विद्या.

माझा दादा नेरडीगोंड्याच्या पलीकडच्या खेड्यात शेती करायचा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं होतं. बाजाराच्या दिवशी ज्वारी घालायला आला की तो माझ्यामागं छपरात येऊन बसायचा. आधी नुसता पाहायचा, मग हात लावायचा. इंजिनाचं झाकण काढून आम्ही आतली काजळी खरवडली. व्हॉल्व्ह घासायला दादाच चांगला. लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत धरून तो ती रवीसारखी फिरवायचा.

"ताक होऊन राह्यलं का रे?" तो विचारायचा.

"लोणी येईपर्यंत फिरव."

"लोणी तुह्या वैनीले देजो. मले तूप लागते."

रेडिएटर गळायचा, त्यात मी मूठभर हळद टाकली. हळद फुगून भोक बुजवते. फाटक्या टपाच्या जागी अडतीची ताडपत्री शिवून घेतली. पुढचे दिवे मिणमिणते होते, ते एका मोडक्या लॉरीचे मोठे बसवले. खेड्याच्या वाटेवरच्या गाडीचाकोऱ्यांत तिचं पोट घासायचं, म्हणून चाकांवरच्या कमानींत लोखंडाचा एकेक पाटा वाढवून तिला चार बोटं उंच केली. त्या दिवशी दादा वाकून खालून पाहत म्हणाला, "आता कशी, बैलावानी उभी राह्यली." तेवढी शाबासकी मला पुष्कळ होती.

मग उन्हाळ्यात गिअरबॉक्समधून तेल ठिबकू लागलं. साहेबाचं ऐकायचं सोडून मी खालचा बोल्ट काढला. तेलाबरोबर लगदा आला. बोटांत चोळून पाहिला. पांढरट, मऊ, लाकडाचा भुसा. निर्मलची खेळणी ज्या हलक्या पोनिकीची करतात, त्याच लाकडाचा. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबायला गिअरबॉक्समध्ये भुसा भरला होता. काही दिवस गिअर लोण्यासारखे पडतात, मग तोच भुसा तेलाच्या वाटा बुजवून दाते खातो.

मी तेलाचा डबा भिंतीवर फेकला. दादा शांतपणे उठला आणि डबा सरळ करून ठेवला.

"त्यानं तुले फसवलं," तो म्हणाला. "पण तूबी त्याचा कोट काढून घेतला ना बाबू."

मला ते आवडलं नाही. मी निर्मलच्या जंगल कचेरीत गेलो. साहेब कुठं गेला, त्याच्यावर दावा लावायचा आहे, म्हणून भांडलो. उर्दूत लिहिणारा म्हातारा पेशकार म्हणाला, दरख्वास्त द्या, जवाब येईल. मी दिली.

गिअरबॉक्स रॉकेलनं धुऊन त्यात जाड तेल भरलं. दाते वाचले, पण आवाज उघडा पडला. गाडी निघाली की सरकी काढायची जिन चालू झाल्यासारखी कण्हायची. बाजारात लोक म्हणू लागले, "शेटजीनं फिरती जिन घेतली वाटते." ज्यांच्यासमोर मी पाटी वाहिली होती तेच हसत होते. दादा म्हणायचा, हसू दे, बोलते म्हणजे जिती हाये. मला ते सोसलं नाही.

पोळा आला. दादानं सांगून पाठवलं होतं, मोटर घेऊन ये, तोरणाखाली बैलांच्या रांगेत तिचीबी पूजा करू. सगळा गाव जमणार होता. मी निर्मलला जाऊन खेळणी करणाऱ्याच्या दारातून गोणीभर भुसा उचलून आणला आणि चार मुठी गिअरबॉक्समध्ये टाकल्या. एकाच दिवसापुरता, असं स्वतःला सांगितलं. गाडी पुन्हा गप्प झाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी दादाकडं पोचलो तेव्हा खांदशेकणी चालली होती. दादा आपल्या कबऱ्या बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळत होता. ज्या ठिकाणी वर्षभर जू घासतं, तिथं सावकाश, दोन्ही हातांनी. मग त्यानं बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि दरवर्षीचं बोलला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडं हे आवतन गमतीचं नसतं. त्या घटकेपासून दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन होईपर्यंत बैल घरचा पाहुणा. त्याच्या मानेवर काही ठेवायचं नाही. माझ्या बोटांनाही हळदीचा वास होता, रेडिएटरच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोरणाला निघण्याआधी मला गाडी नाल्यावर नेऊन धुवायची हुक्की आली. दादा सजवलेले बैल घेऊन मागून येत होता. नाल्यात उतरलो, दुसरा गिअर टाकला आणि आतून कट्ट आवाज झाला. इंजिन बंद. क्लच दाबला, दांडा ओढला, काही हलेना. मागची चाकं जाम झाली होती. वर डोंगरात पाऊस पडत होता आणि नाल्याचं पाणी गढूळ होऊन चढत होतं.

गावातले पाच-सहा गडी धावत आले, त्यांनी खांदे लावले. गाडी हातभरही सरकेना. एक म्हणाला, "शेटजी, तुमचा लाल बैल बसला. पुरणपोळी दाखवा याले." दुसऱ्यानं लगेच पोळ्याला म्हणतात तशी झडती जुळवली, "चार चाकं, दोन दिवे, पोटात नाई चारा. शेटजीचा बैल बसला, उठवा रे मारा!" सगळे हसले. मी त्यांना आईबहिणीवरून बोललो. सणाच्या दिवशी, त्यांच्याच गावात. त्यांनी हात झटकले आणि काठावर जाऊन उभे राहिले. एकाही माणसानं पुन्हा हात लावला नाही.

तेवढ्यात बैल घेऊन पोचलेल्या दादाकडं मी वळलो; गडी लोटून थकले ते त्यानं पाहिलं नव्हतं.

"कबऱ्याले आण."

"आज नाई," दादा म्हणाला. "मी त्याले आवतन देल्लं हाये."

"जू कुठं लावतो? छातीले दोर बांधू. मानेवर काईच नाई."

"आजचा दिवस त्याले कामाले लावत नाई."

"काम नाई हे दादा, दोन पावलं हायेत. गाडी मोकळी हाये. नुसता हात लावला तं लोटते."

वैनी काठावरून म्हणाली, "भाऊजी, वाहून जाऊ द्या ना ते टिनपाट."

दादानं माझ्याकडं पाहिलं. "मोकळी हाये ना?"

"मोकळी हाये," मी म्हणालो.

मी आयुष्यात हजार सौदे केले, पण असा नाही. देवाच्या नेमाशी घासाघीस करून मी तो मानेवरून छातीवर आणला होता, आणि वर खोटा माल दिला होता.

दादानं कबऱ्याची झूल काढली, बाशिंग काढलं, घडी करून वैनीकडं दिलं. असं छातीनं ओढणं कबऱ्याला नवं होतं, पण दादाचा आवाज ऐकून तो नाल्यात उतरला. दोर ताणला गेला. मोकळी गाडी पहिल्या हिसक्याला सुटते हे जनावराला कळतं. ती सुटली नाही तेव्हा त्यानं मान वळवून दादाकडं पाहिलं. दादा म्हणाला, "चल बाप्पा." त्यानं सगळं अंग घातलं. जाम चाकं दगडांवर खरडत वीतभर आली आणि कबऱ्याचा पुढचा पाय ओल्या दगडांच्या फटीत गेला. तो गुडघ्यावर बसला. हाडाचा आवाज इंजिनासारखाच, कट्ट.

तोवर अख्खा गाव जमला होता, काठावरचे सगळे गडी पाण्यात उतरले. बैलासाठी. त्यांनी त्याला उचलून काठावर आणलं, आणि मग सगळ्यांनी मिळून गाडीही ओढून वर टाकली. रंगवलेल्या शिंगांचा रंग पाण्यानं ओघळत होता. दादा त्याच्या डोक्याशी बसला होता. नंतर तो उठून गाडीकडं गेला. त्यानं एकदा चाक हातानं फिरवून पाहिलं, फिरलं नाही, आणि हात धोतराला पुसला.

कबरा जगला. बांबूच्या पट्ट्या बांधून वैदूनं पाय सांधला, पण तो वाकडाच जुळला. दादानं त्याला पुन्हा जुंपलं नाही आणि विकलंही नाही. मी दुसरा बैल घेऊन दारात गेलो तेव्हा वैनीनं त्याला पाणी पाजलं आणि माझ्याबरोबर परत पाठवलं. मोटर मी उघडली, गिअरबॉक्स धुतला, बेल्लमपल्लीहून दाते आणून बसवले. ती आजही छपरात आहे आणि चालू होते. मी तिला कधी नाल्याकडं नेली नाही. साहेबाचा कोट मी कधी घातला नाही.

दरख्वास्तीचा जवाब आला नव्हता, म्हणून राज्यांची फेररचना झाल्यावर मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. पाटी बदलली होती, पेशकार बदलला होता, लिपी बदलली होती. नव्या तेलुगू बाबूनं माझा जुना उर्दू कागद उलटासुलटा करून पाहिला आणि सभ्यपणे म्हणाला, "आ राष्ट्रमे लेदंडी." ते राज्यच राहिलं नाही, शेठजी. मी टेबलावर हात आपटला. राज्य राहिलं नाही म्हणून भुसा राहिला नाही का? तो बिचारा घाबरला. त्याचा काय दोष.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दादाकडं गेलो होतो. तो दरवर्षी पहिलं आवतन कबऱ्यालाच देतो. म्हाताऱ्या खांद्यावर हळद-तूप चोळलं, कानाशी तोंड नेलं, आणि थांबला. 

"काऊन रे दादा?"

"मी आवतन देतो, तो माह्या तोंडाकडं पाह्यते. नाल्यात पाह्यलं होतं तसंच. म्या त्याले पाहुणा म्हणून बलावलं अन् कामाले लावलं. त्याले काय सांगू, बाबू? सांग ना, तुले बोलता येते."

मला बोलता येतं म्हणून मी अडत्या झालो. त्या दिवशी मी दादाच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि कबऱ्याचा दुसरा खांदा चोळत राहिलो.

म्हणून साहेब, तुम्ही हैदराबादेत असा, कराचीत असा, की मातीखाली असा, हे सगळं सांगणं तुम्हाला आहे. पहिला भुसा कुणी भरला? तुम्ही, तुमच्या ड्रायव्हरनं, की माझ्या घासाघिशीनं? दुसरा मी भरला, आणि "मोकळी हाये" हे मी म्हणालो, त्याचा जबाब माझ्याकडं मागा, मी देतो. कोटही परत देतो. पण तुमच्या वाटचा जबाब तुम्ही द्या. मला नको, त्या कचेरीलाही नको. दादाच्या गोठ्यात या आणि कबऱ्यासमोर उभं राहून द्या. तो अजून मान वळवून पाहतो आहे.