बर्फातून आलेला माझा माणूस

खरं सांगते, तेव्हा वर्षभर माझं देवाशी बोलणं बंद होतं. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं, त्या दिवशी मी गणपतीला स्पष्ट सांगून टाकलं की आता तुझं तू बघ, माझं मी बघते. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली, आणि मी धास्तावले की याद्या करते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, त्यामुळे काय काय बिघडू शकतं हे शोधायची खोडच जडलेली. हॉस्पिटलची बॅग सातव्या महिन्यातच भरून ठेवली होती. डब्लिनजवळच्या ड्रोहेडा गावातल्या हॉस्पिटलला जायचे दोन-दोन रस्ते समीरकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, गाडी चालवून पाठ करून घेतले होते. मार्च संपता संपता बर्फ पडेल, हे मात्र कुठल्याच यादीत नव्हतं.

आम्ही ड्रोहेडाच्या बाहेर, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये भाड्याने राहत होतो. आठवडाभर छान ऊन होतं, कुंपणाकडेने डॅफोडिल्स फुलली होती. समीर ऑफिसच्या कामाला डब्लिनला गेला, दुपारनंतर बर्फ सुरू झाला, ट्रेन बंद पडल्या आणि तो तिकडेच मित्राकडे अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारते तर अंगण, गाडी, रस्ता, काही वेगळं ओळखूच येईना. चहा ठेवता ठेवता पोटात कळ आली. तारखेला अजून तीन आठवडे होते. पंधरा मिनिटांनी दुसरी कळ आली, तशी मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. फोनवरच्या बाई फार धीराच्या होत्या. पण आमच्या अरुंद वाटेवर गुडघाभर बर्फ साचलाय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत येईल, तिथपर्यंत कुणी आणून सोडेल का बघा. हेही बाळ जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

नागपूरला आईला फोन लावला. ती म्हणाली, "काहून घाबरते वं? देवाचं नाव घे न." मी चिडून म्हटलं, "देव काय फावडं घेऊन येणार आहे का, आई?" आणि फोन ठेवला. मग शेजारच्या नोराआजींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "यू विल बी ग्रँड, लव्ह" म्हणाल्या. इथे पाय मोडला तरी लोक ग्रँड, म्हणजे छानच, म्हणतात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. पाच मिनिटांत त्यांचा परत फोन आला, "युअर मॅन इज ऑन द वे."

माझा माणूस निघालाय, हे ऐकून मला रडूच फुटलं. डब्लिनहून कसा, कशाने, काही विचारलं नाही. वेडा कुठला, चालत निघाला असणार, असं म्हणत मी दार उघडं टाकून खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने घरघर ऐकू आली आणि बर्फ बाजूला सारत एक लाल ट्रॅक्टर आला. पुढे भलंमोठं फावडं जोडलेलं. आतून साठीचा, चिखलाने माखलेल्या बुटांचा एक शेतकरी उतरला. मी त्याच्या मागे वाकून बघत विचारलं, माझा नवरा कुठाय? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "नोराने तर मलाच पाठवलंय." मग माझी ट्यूब पेटली. इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो अमुक गृहस्थ', बस. ऑफिसात दोन वर्षं रोज ऐकत होते, पण कळा येत असताना कुणाला आठवतंय. दोन कळांच्या मधे मी इतकी हसले की त्याला वाटलं असणार, हिचं डोकं फिरलं.

त्याने सीटवर कोट अंथरून मला बसवलं. पायाशी खोक्यात पहाटे जन्मलेलं एक कोकरू होतं, उबेसाठी ठेवलेलं. सकाळपासून सहा मेंढ्या व्यायल्या, तो सांगत होता, बर्फ आहे म्हणून एकही थांबली नाही. मी बाहेर बघितलं. कुंपणाशी एक मेंढी पिल्लाला चाटत होती, ते उभं राहायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. डॅफोडिल्स आडवी झाली होती, पण पिवळीधमक. कावळे चोचीत काड्या घेऊन घरट्याच्या कामाला लागले होते. यांच्यापैकी कुणीच काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. बघता बघता माझं मन सैल झालं. आता तू नेशील तसं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. कुणाला म्हटलं, ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

मोठ्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. दुपारी मुलगी झाली, लहानखुरी पण ठणठणीत, आवाज तर असा की नर्स कानावर हात ठेवून हसल्या. समीर पोचेपर्यंत बाहेरचा बर्फ वितळून वाहायला लागला होता. 'युअर मॅन'ची गंमत आईला सांगितली, तर ती म्हणाली, "बरोबरच तं बोलली ते बाई. तुझाच माणूस होता न तो, फावडं घेऊन आलेला." एरवी मी वाद घातला असता.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. नोराआजी चांगल्या होत्या, त्या गृहस्थांकडे ट्रॅक्टर होता. पण त्या दिवशी मी देवाकडे काही मागितलं नव्हतं, उलट टोमणाच मारला होता, आणि तरीही मला घ्यायला कुणीतरी आलं. आपण हात सोडला तरी धरणारा धरून असतो, एवढं मला कळलं. नर्सने लेकीला माझ्याजवळ दिलं तेव्हा भरून आलं. हात जोडावेसे वाटले, पण दोन्ही हातांत ती होती. मग तिलाच थोडं वर उचललं.