सरजाबाईंचा आवाज कुठवर जातो

माझ्या सासूबाईंचा, सरजाबाईंचा आवाज तीन शेतं ओलांडून जातो. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं सुटलं होतं. जळकोटच्या पुढं डोंगरात आमचं गाव. रानं अशी चढउताराची की शेजारच्या बांधावरचं माणूस दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिथं मोठा आवाज हा अवगुण नाही, खुरप्यासारखी कामाची वस्तू आहे. मी लातूरच्या गल्लीत वाढलेली, शाळेत शिकवणारी. मला हे कळायला वेळ लागला.

त्यांच्या पलीकडचं रान गुणाबाईंचं. दोघी एकाच साली सुना होऊन गावात आल्या आणि तेव्हापासून बोलतायत. खुरपणीला बायांची टोळी ओळीनं बसायची आणि सगळ्या एकाच वेळी बोलायच्या. कोण कुणाचं ऐकत होतं देव जाणे, पण दिवस मावळेपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत झालेलं असायचं. मग तणनाशक आलं. टोळीला आठवडा लागायचा ते काम एक गडी पाठीवर पंप बांधून सकाळच्या पारी उरकायला लागला. सगळ्यांचीच सोय झाली. टोळी मात्र मोडली, आणि ज्या त्या बाईच्या वाट्याला तिचं एकटीचं रान आलं. सरजाबाई आणि गुणाबाईंचं तरी बरं होतं, मध्ये एकच बांध होता.

सासरे, रामलिंग त्यांचं नाव, गेले तेव्हा दयानंदनं शेत बटईनं मलप्पाला कसायला दिलं आणि आईला नांदेडला आणलं. (नवऱ्याचं नाव घेते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला त्यावरून कधी हटकलं नाही.) तो विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यशाळेत नोकरीला आहे, जवळच आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मायला एकटीला कसं ठेवू, असं तो म्हणाला आणि सगळ्या भावकीनं मान डोलावली. मीही डोलावली, मनापासून.

पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली आणि चारी मजल्यांची दारं उघडली. कुणी भांडलं नाही. वरच्या सौदामिनीताई फक्त एवढंच म्हणाल्या, "मावशी, काही झालं का?" तेवढं पुरलं. त्यानंतर आत्याबाईंनी आवाज जो उतरवला तो उतरवलाच. दोन वर्षांत तो इतका बारीक झाला की त्या काय म्हणाल्या हे मला परत विचारावं लागायचं. आमच्यात भांड्याला भांडं कधी लागलं नाही. शाळेतल्या बायकांना मी हे मिरवून सांगायची.

गुणाबाईंचा फोन यायचा, पण तो संध्याकाळी, घरून. रानात कुठल्याच कंपनीची रेंज नाही. "बरी हायस का?" "बरी हाय. तू?" "बरी." "ठेवू?" "ठेव." बांधावर बसून दिवस दिवस बोलणाऱ्या बायांचं फोनवर एवढंच. फोनवर बोलायला काहीतरी बातमी लागते. बांधावर ती लागत नाही.

मग एका श्रावणात गुणाबाई एसटीनं नांदेडला आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "आमच्या बचत गटानं ठरवलंय. पोलिसांकडं असतंय तसलं बोलायचं मशीन घ्यायचं. ज्या त्या रानात एक एक. दया, पुनम, चला दुकानात."

दयानंद यंत्रांतला माणूस, तो खुशीत आला. नांदेडात बसून शेती म्हणजे त्याचं उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं होतं. निदान एक काम हाताशी आलं. शहरातल्या वजिराबाद भागात रामकिशन म्हणून एक दुकानदार वॉकीटॉकी विकतो. मंगल कार्यालयवाले आणि मिरवणुकीवाले त्याच्याकडूनच नेतात. आम्ही चौघं गेलो.

"कशासाठी पाहिजे?" रामकिशननं विचारलं.

"रानडुकरं लई झालीत," गुणाबाई म्हणाल्या.

"मग रात्रीला वापरणार."

"न्हाई. दिवसा."

रामकिशननं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि डुकरांचा विषय सोडून दिला. त्यानं मोठे सेट दाखवले. त्यांना सरकारी परवाना लागतो म्हटल्यावर ते मागं गेले. मग बिनपरवान्याचे छोटे आले. गुणाबाईंनी एकेक हातात घेऊन पारखला. एकाला बटणं फार होती. दुसऱ्याची चिमट्यासारखी क्लिप त्यांनी लुगड्याच्या कमरेला लावून पाहिली, वाकल्या, उठल्या. तो निसटला, म्हणून नापास. तिसरा टिकला. त्यांनी विचारलं, "आमचं बोलणं गावातली गडीमाणसं ऐकतील का?"

"कोड टाकून देतो," रामकिशन म्हणाला. "त्यानं दुसऱ्याची बडबड तुम्हाला येणार न्हाई. पण तुमची दुसऱ्याला जाणारच न्हाई असं न्हाई. तसलाच सेट आन् तोच चॅनल लागला की कुणीबी ऐकंल. गुपित असलं तर जवळ जाऊन बोलावं मावशी."

"ऐकू द्या. चोरून ऐकलेलं बोलून दाखवलं तर त्यांचीच लाज जाईल," गुणाबाई म्हणाल्या. आत्याबाई हे ऐकत नव्हत्या. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसून रस्ता पाहत होत्या.

"एकीनं बटण दाबून धरलं की तिनंच बोलायचं," रामकिशननं शिकवलं. "तिनं सोडल्याबिगर दुसरीला बोलता येत न्हाई."

"हे लई अवघड हाय," गुणाबाई म्हणाल्या. मग सेटकडं पाहतच त्यांनी विचारलं, "हितून जळकोटला जाईल असा हाय का एखादा?"

रामकिशन हसला. "डब्यावर लिहिलेलं बी सपाट मैदानातलं असतंय मावशी. टेकडी आडवी आली की निम्मं बी न्हाई."

आम्ही कुणी हसलो नाही. उदगीरचा बाजार हाताशी असताना ही बाई अर्धा दिवस एसटीत बसून नांदेडला का आली, ते मला तेव्हा कळलं.

"बरं," गुणाबाई म्हणाल्या. "सरजे, तू एक घिऊन लांब जा. कुठवर ऐकू येतंय बघू."

आत्याबाई सेट घेऊन उठल्या आणि गुरुद्वाऱ्याच्या बाजूला चालू लागल्या. गर्दीत त्यांचा पदर दिसेनासा झाला. मग गुणाबाईंच्या हातातला सेट खरखरला.

"गुणे, आइकू येतंय का?"

"येतंय. कुठं हायस?"

"हितं मेथीवाली बसलीय. मेथी लई कोवळी हाय."

"घेऊ नगंस. माती असती तिच्यात."

"तुला तिथनं कसं दिसलं?"

"तुझी पारख मला ठाऊक हाय."

आत्याबाई खुदकन हसल्या. त्यांच्या आवाजाला धार येत चालली होती. समोर माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतोय. दोघींना हे बोलणं जन्मभराच्या सवयीचं. दयानंद काउंटरला टेकून हसत होता. त्याला वाटलं सेट चांगला आहे.

आणि मग त्या म्हणाल्या, "गुणे, एक सांगू का?"

फोन कानाला लावला की एकालाच ऐकू जातं, तसंच हेही असणार, असं त्यांनी धरलं होतं. इथं सेटचा आवाज दुकानभर घुमत होता.

"मला न्हाई गं करमत हितं. काई कमी न्हाई. पुनम लई जीव लावती, ताटावर बसवून वाढती. पावण्याला वाढत्यात तसं. दोन वर्सं झाली, मी पावणीच हाय. सकाळी उठते आन् कुणाला हाक मारावी ते कळंना. हाक मारायला माणूस दूर असावं लागतंय बघ. हितं भिंतीला भिंत, हाक मारावी असं कुणीच न्हाई."

गुणाबाई बटण दाबत होत्या. सरजे थांब, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण तिकडून बटण दाबलेलं होतं, इकडचा शब्द जाणार कुठून? रामकिशननं आवाज कमी करायला हात पुढं केला. दयानंदनं तो हात धरला.

"झोपेत बी मी आपल्या बांधावर असते. दयाला सांगू नगंस हां. लेकरानं लई हौसेनं आणलंय मला. त्याला कळलं तर त्याचा जीव तुटंल. मी काढीन हितं, किती दिस ऱ्हायलेत आता. तू फकस्त येत जा."

मग बटण सुटलं. गुणाबाईंनी सेट तोंडाजवळ नेला, खाली घेतला, परत नेला. शेवटी म्हणाल्या, "ये माघारी. लई लांब गेलीस."

मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. ताटावर बसवून वाढते, हा काय गुन्हा आहे? त्या परत येईपर्यंत मी त्या रागाला धरून होते, कारण तो सोडला असता तर मला तिथंच रडू आलं असतं.

आत्याबाई परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा होता. गटाचे सेट घेऊन गाडीत बसल्यावर त्यांना शंका आली असावी. "दया," त्या त्यांच्या फ्लॅटातल्या आवाजात म्हणाल्या, "तुला काय काय आइकू आलं रे?"

"नुसती खरखर," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

आठवडा गेला. मग एक दिवस म्हणाला, "माय, मलप्पा काई नीट करीना शेताचं. तू ऱ्हातीस का तिकडं? कुणीतरी पाहिजे बघायला." मलप्पासारखा सरळ माणूस पंचक्रोशीत नाही, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बिचाऱ्यावर आळ आला. आत्याबाईंनी मुलाकडं बराच वेळ पाहिलं. "तू म्हणतूस तर जाते," त्या म्हणाल्या. त्यांची पिशवी तासाभरात भरून दाराशी आली होती. निघताना त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला पहिल्यांदाच रागावल्या, गॅस बारीक ठेवत नाहीस म्हणून.

घर मोठं वाटायला लागलं. मी शाळेतून येते, भाजी निवडते, आणि कुणी काही पुटपुटलं का म्हणून मागं वळून बघते. दयानंदनं रामकिशनकडून तसलाच एक सेट आणला, गुणाबाईंच्या गटाचा चॅनल आणि कोड टाकून घेतला आणि गाडीत ठेवला. मी म्हटलं, "इथून जळकोटला जात नाही ते." तो म्हणाला, "माहीत आहे."

तुरी फुलावर आल्या तेव्हा एका रविवारी आम्ही गावाकडं निघालो. जळकोट मागं पडलं, घाट चढताना फोनची रेंज गेली. माथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि सेट चालू केला. थोडी खरखर झाली, मग बायांचे आवाज आले. कुणाची तरी कोंबडी कुणाच्या तरी गंजीत अंडी घालत होती आणि त्या अंड्यांवर हक्क कुणाचा यावरून वाद पेटला होता. जिला बोलायचं ती बटण दाबायची, बाकीच्या तिचं संपायची वाट बघत असणार, कारण एक थांबली की दुसरी तुटून पडायची. मग आत्याबाई काहीतरी म्हणाल्या, अर्धं वाऱ्यात गेलं, आणि त्या हसल्या. बटण दाबूनच हसत राहिल्या, पोटभर, त्यामुळं बाकी कुणाला बोलताच येईना.

"अहो, बोला ना," मी म्हटलं. "सांगा, आलोय म्हणून."

त्यानं सेट मांडीवर ठेवला होता. बोट बटणाजवळ होतं, पण त्यानं ते दाबलं नाही.

"आत्याबाईंना असं हसताना मी कधी ऐकलंच नाही," मी म्हटलं.

"मी ऐकलंय," तो म्हणाला. "लहान होतो तवा. रोज."