दोन वजा

बाबांना दुकानातला बल्ब स्वतःच बदलायचा होता. इलेक्ट्रिशियन शेजारच्याच गाळ्यात बसतो, पण त्याला हाक मारली तर आपण म्हातारे ठरतो असा त्यांचा समज. ते स्टुलावर चढले, स्टूल डुगडुगलं आणि उजव्या कोपराचे तीन तुकडे झाले. बल्बला मात्र काही झालं नाही, हे त्यांनी हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगितलं.

बाबा शिंपी. त्यामुळे कोपर त्यांचं मोडलं, पण बसलो आम्ही सगळेच. तीन महिने प्लास्टर, पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी ताईच्या पाठीवर हात ठेवून "काही लागलं तर हक्काने सांग" असं बजावलं, आणि तेव्हापासून त्यांचा फोन लागलेला नाही. आई रडत होती. मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. तिसऱ्यांदा करत होतो, त्यामुळे मला कामाला लावणं कुणाच्या मनातही आलं नाही. घरातला हुशार मीच होतो. राहता राहिली ताई.

ताईला नुकतीच दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली होती. त्यासाठी तिने सहा वर्षं चपला झिजवल्या होत्या. तिने तीन महिने मागितले. कचेरीने मोठ्या मनाने एक दिला.

त्या महिन्यावर ताईने सगळा डाव मांडला. एका हॉटेलाने वेटरांच्या अठरा कोटांचं काम दिलं होतं. कोट पसंत पडले तर वर्षभराचं काम मिळणार होतं, त्याच्या जोरावर दुकानात एक कारागीर ठेवता येणार होता, आणि ताई मोकळी होणार होती. लहानपणापासून ती बाबांच्या हाताखाली शिवत आलेली. बाबांनी बेत ऐकला आणि म्हणाले, "मी समोर बसून बघीन. हात मोडलाय, डोळे नाही."

आता बाबांच्या टेपबद्दल सांगायला हवं. त्या टेपचे पहिले दोन इंच आमच्या जन्माआधीच फाटून गेले होते. दुसरा कुणी असता तर त्याने नवा टेप घेतला असता. बाबांनी दोन वजा करायला सुरुवात केली. टेपवर चाळीस दिसले की लिहायचे अडतीस. आमच्या घरात मुलांना अक्षरओळख व्हायच्या आधी दोन वजा करता यायचे. तो टेप अपघाताच्या दिवशी बाबांच्या गळ्यात होता, हॉस्पिटलात कुणीतरी काढून ठेवला आणि तो गेला तो गेलाच. मग नवा कोरा टेप मी आणला. बरेच दिवस घराला माझा हातभार तेवढाच.

ताईने हॉटेलात जाऊन अठरा जणांची मापं घेतली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "दोन वजा केलेस ना?"

"केले."

"शाब्बास."

मीही तिथेच होतो. मलाही ते बरोबरच वाटलं.

तीन आठवड्यांनी अठरा वेटर अठरा कोट घालून रांगेत उभे राहिले, आणि एकाचंही बटण लागेना. मॅनेजर म्हणाला, "हे माझ्याच वेटरांसाठी शिवलेत ना?" ताईने टेपकडे पाहिलं. तो एकपासून सुरू होत होता. तिने कोट गोळा केले आणि घरी 'माझी मापं चुकली' एवढंच सांगितलं.

मॅनेजरने आठवडा दिला. शिवणीत सोडलेलं कापड पुरेना. मग ताईने सगळे कोट बगलेपासून खालपर्यंत उसवले आणि दोन्ही बाजूंना काळ्या कापडाची एकेक पट्टी घातली. बाबा डाव्या हाताने दोरे ओढत होते. मी इस्त्री केली, दोन कोट जळता जळता वाचले. मॅनेजरला पट्टी इतकी आवडली की पुढच्या कोटांनाही तीच हवी म्हणाला. वर्षभराचं काम मिळालं. एवढंच की त्या आठवड्यात कचेरीची तारीख उलटून गेली होती. कचेरीने खेद कळवला आणि जागा दुसऱ्याला दिली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी पाचव्या खेपेला पास झालो आणि नोकरीच्या गावी निघून गेलो. माझी फी त्या पट्ट्यांतून निघाली. पट्टीची कल्पना आपलीच, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगतात. त्यांचं कोपर पुरतं सरळ होत नाही, कात्री धरवत नाही, म्हणून ते मापं घेतात. ते आकडे सांगतात, ताई लिहिते.

परवा मी दुकानात बसलो होतो. बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावला. टेपवर बेचाळीस होते.

"चाळीस," बाबा म्हणाले.

ताईने वहीत बेचाळीस लिहिले.

बाबा चहाला गेल्यावर मी तिला म्हटलं, "नऊ वर्षं हेच करतेस? सांगत का नाहीस त्यांना?"

"मग तो घोळ कशामुळे झाला ते कळेल त्यांना," ती म्हणाली. "माझी नोकरी कशात गेली तेही. नंतर टेपला हात लावतील का ते?"

टेप मी आणला होता, आणला तेव्हा एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं, आणि हे तिने मला नऊ वर्षांत एकदाही ऐकवलेलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात बाबा परत आले, पुढच्या गिऱ्हाइकाला टेप लावला आणि म्हणाले, "लिही, छत्तीस."

ताईने अडतीस लिहिले.