आईला दोनदा थांबावं लागलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, मित्रांच्या बैठकीतही नाही — तिथे मी पीत नाही, नुसता चकणा संपवतो, त्यामुळे तोंड सुटायचा प्रश्नच येत नाही. तीन वर्षं झाली. आज सांगतोय म्हणजे झुरून झुरून हाडाची काडं झालीत असं समजू नका. मी पोटभर जेवतो, आडवा झालो की घोरतो. आणि गाडी अजूनही ऐंशीनेच चालवतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे तुमची निराशा नको.

ताशी ऐंशी. त्याच्या वर काटा गेला की पेट्रोल गाडीसाठी जळत नाही, समोरची हवा ढकलण्यात जळतं. हे ज्ञान मला शेजारच्या गावातल्या कॅम्प पाचमधल्या सिंधी सीटकव्हरवाल्याने दिलं. कव्हर चढवता चढवता म्हणाला, "साईं, गाडी भगाओ मत, चलाओ." एवढंच. पण काही वाक्यं माणसाला बरोबर वेळी भेटतात. पन्नाशी उलटलेली, अंबरनाथच्या कारखान्यात बढतीची आशा संपलेली, मुलगी नोकरीला बंगळुरात, घरात माझं ऐकणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे गाडी. पाय हलका ठेवला की ती समोरच्या पडद्यावर आकडा वाढवून दाखवायची. लिटरला बावीस. तेवीस. साडेतेवीस. मला सांगा, या वयात आपल्याला कोण असं लगेच शाबासकी देतं?

लोक म्हणाले, चिक्कू आहे. असतो तर बरं झालं असतं — चिक्कूपणाला निदान कारण तरी असतं. मला पैसे वाचवायचे नव्हते. मला म्हात्र्याला हरवायचं होतं. म्हात्रे अंबरनाथच्या पुढे, आमच्या हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतो. इथलाच, जुना माणूस. जिथे आज आमची बिल्डिंग आहे तिथे त्याच्या आजोबांचं भात उभं असायचं. त्याच्याकडे माझ्याच गाडीची जुळी बहीण. दर रविवारी गाडी धुताना तो विचारणार, "काय दादूस, गारी किती देतं?" मी म्हणायचो चोवीस. तो फडका पिळत म्हणायचा, "माझी तं पंचवीस पॉइंट आठ." पुरावा म्हणून पडद्याचा फोटो. मोबाइलमध्ये नातवाच्या फोटोच्या शेजारी ठेवलेला.

हसा. मीही हसतो. पण पंचवीस पॉइंट आठ हा आकडा माझ्या डोक्यात किती खोल रुतून बसला होता, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी भाची केतकी, ताईची एकुलती एक, हिचं लग्न कराडला होतं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. आणि मी तिचा एकुलता एक मामा. आता मामाचं काम काय ते तुम्हाला ठाऊकच आहे — नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. हे काम बापालासुद्धा मिळत नाही. आदल्या दिवशी आमच्या कारखान्यात ऑडिट होतं, म्हणून मी लग्नाच्याच सकाळी निघणार होतो. ताईने आईला आधीच बोलावलं होतं. पण आई म्हणाली, मी सुधीरबरोबरच येईन. संध्याकाळी केतकीचा फोन आला. "मामा, उद्या तरी तुझ्या त्या ऐंशीने येऊ नकोस हं."

मी म्हणालो, "तुझं साडी नेसून होईल त्याच्या आधी मी दारात."

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. निघालो सात वाजून दहा मिनिटांनी. का? तर मी टायरमधली हवा तपासली — हवा कमी असेल तर गाडी ओढते — आणि मग डिकी रिकामी केली, कारण वजन. छत्र्या काढल्या, सतरंजी काढली. शेवटी आईने ताईसाठी बारवी धरणाकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मुद्दाम आणवलेलं नव्या तांदळाचं दहा किलोचं पोतंही काढलं. आई शेजारी उभी होती, लग्नातली जांभळी साडी नेसून. म्हणाली, "राहू दे. पुढच्या वेळी नेऊ."

ते पोतं मीच परत वर नेलं. लिफ्ट बंद होती. म्हणजे बघा, पेट्रोल वाचवायला मी स्वतःला जाळत होतो, वेळ निघून चालली होती, आणि मी मात्र खूश होतो.

शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, कर्जतच्या आधीच उलटीची गोळी घेतली आणि मागच्या सीटवर जी झोपली ती कराडच्या वेशीपर्यंत. हे लक्षात ठेवा. पुढे बसली होती आई, कारण तिला गुडघे सरळ करायला जागा लागते. शहात्तर वर्षांची बाई. निघतानाच मी जाहीर करून टाकलं होतं, की आज मध्ये कुठे थांबायचं नाही. उभी गाडी पुन्हा वेगात आणायला सगळ्यात जास्त पेट्रोल जातं. आणि शिवाय उशीर झालाय. बघितलंत? कारण खरं होतं ते पहिलं. दुसरं मी वर कोथिंबीर भुरभुरावी तसं घातलं होतं.

एसी बंद. काचाही बंद, कारण काच खाली केली की हवा आत घुसते आणि गाडी अडते. मे महिना. आई म्हणाली, "बरं केलंस. एसीने माझे गुडघे धरतात." तिचे गुडघे एसीने धरत नाहीत. घरी दुपारी एसी लावून बसते, मालिका बघत. ते मला तेव्हाही माहीत होतं.

खोपोलीनंतर एक्स्प्रेस-वे लागला आणि मी माझ्या राज्यात आलो. सगळं जग डाव्या-उजव्या बाजूने मला ओलांडून जात होतं, हॉर्न मारून, एकाने तर काच खाली करून काहीतरी खास माझ्यासाठी म्हटलं. मला राग येत नव्हता. पडद्यावर चोवीस पॉइंट सहा होते. घाटात आकडा पडला, पुण्याच्या बाहेरून जाताना पुन्हा चढू लागला. आणि खंबाटकीचा घाट उतरल्यावर मला एक ताडपत्री बांधलेला ट्रक सापडला. सापडला म्हणतो, कारण मी शोधतच होतो. मोठ्या गाडीच्या मागे राहिलं की ती आपल्यासाठी हवा कापत जाते. (तुम्ही करू नका. जीवावरचा खेळ आहे.) तो सत्तरने चालला होता, मीही सत्तरने. पंचवीस. पंचवीस पॉइंट दोन. पंचवीस पॉइंट पाच.

सातारा आलं तेव्हा अकरा वाजले होते.

इथे जरा थांबतो. इथवर जे सांगितलं ते एका वेड्या माणसाचं वागणं म्हणून खपून जाईल, आणि तुम्ही दिलदार असाल तर मला मामा म्हणून नाही तरी विदूषक म्हणून पास कराल. पण साताऱ्याला मी वेडा नव्हतो. मला गणित येतं, त्याच गणितावर पंचवीस वर्षं पगार घेतोय. उरलेले पन्नास किलोमीटर शंभरच्या आसपास नेले असते — रस्ता मोकळा होता, वेगमर्यादेत बसत होतं, ट्रकवाला तर कधीपासून हात हलवून पुढे जा म्हणून सांगत होता — तर धावतपळत का होईना, मी केतकीच्या दाराशी पोचलो असतो. सत्तरने गेलो तर पोचणार नव्हतो. दोन्ही उत्तरं माझ्यासमोर स्वच्छ होती. आईने विचारलं, "पोचू ना रे वेळेवर?"

मी म्हणालो, "पोचू." आणि ट्रकच्या मागेच राहिलो. पंचवीस पॉइंट सात झाले होते.

आम्ही कार्यालयाच्या फाटकातून आत शिरलो आणि बँड वाजला. लग्नघरच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. मंगलाष्टकं संपली, माळा पडल्या. शुभांगी आहेराची पिशवी घेऊन आत पळाली. आई म्हणाली, "लागलं रे लग्न." आणि मी काय करत होतो? मी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेत होतो. माझ्या गाडीत इंजिन बंद केलं की तो आकडा पुसला जातो. सव्वीस पॉइंट एक. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा घेतला.

केतकीच्या लग्नाच्या आल्बममध्ये तिच्या पाठीशी ताईच्या शेजारचे एक गृहस्थ उभे आहेत. भला माणूस. मामा आला नाही म्हणून गुरुजींनी समोर दिसला त्याला उभं केलं. उसना मामा. प्रत्येक फोटोत तो असा दिसतो, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलाय आणि आता बाहेर कसं पडावं ते सुचत नाहीये.

हे झालं? नाही. हा तर माझा हट्ट झाला, आणि हट्टाबद्दल मी तुमच्यापुढे मान खाली घालणार नाही. ऐंशीने जाणं हे आजही शहाणपणाचंच आहे. ज्याला घाई आहे त्याने लवकर निघावं. माझं हे मत तुमच्या नाकावर टिच्चून तसंच राहील. मला बोलायचंय ते यानंतरच्या एका मिनिटाबद्दल.

ताई बाहेर आली. अक्षता केसांत अडकलेल्या, डोळे लाल. आई गाडीतून उतरून, दाराशी पाणी देणाऱ्या बाईसमोर उभी होती आणि पाणी पीत होती. एक पेला. दुसरा. तिसरा पेला तिने स्वतः हात पुढे करून मागितला. ताईने मला विचारलं, "सुधीर, अरे काय केलंस हे? ती आत सारखी दाराकडे बघत होती."

काय सांगायचं? घाटात जाम होता? ते तर सगळेच सांगतात, आणि त्याच घाटातून मुंबईचं निम्मं वऱ्हाड वेळेवर आलेलं होतं. माझी नजर आईवर गेली. तिसरा पेला पिणाऱ्या आईवर.

मी म्हणालो, "आईला दोनदा थांबावं लागलं."

आई चार हातांवर होती. तिने ऐकलं. पेला खाली ठेवला. ताई तिच्याकडे वळून म्हणाली — ताई वाईट नाही, पण त्या क्षणी तिला कोणीतरी हवंच होतं — "आई, झेपत नव्हतं तर आधी यायचंस ना गं. मी कितीदा म्हटलं तुला."

आईने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "हो गं बाई. चुकलंच माझं."

बास. एवढंच. पुढे जेवणं झाली. दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ठाऊक झालं होतं की आजीमुळे मामाचा मुहूर्त हुकला. शुभांगीनेही विश्वास ठेवला, ती झोपली होती ना. चार बायकांनी आईला लघवीच्या त्रासावर घरगुती औषधं सांगितली. आईने ती नीट ऐकून घेतली.

रविवारी म्हात्र्याला फोटो दाखवला. त्याने चष्मा वर करून पाहिला, खूश झाला, पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "अन् लगनाला पोचला ना टायमावर?"

"पोचलो की," मी म्हणालो.

त्यानंतर आई कुठेही लांब गेली नाही. केतकीच्या डोहाळजेवणाला नाही. ताईच्या एकसष्टीला नाही. बारवीचा तो तांदूळ आम्हीच खाल्ला. परवा केतकीने तिच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं करायला व्हिडिओ कॉल केला. आईला फोन धरता येत नाही, म्हणून मी तिच्यासमोर धरला होता. आई पणतीकडे बघून बराच वेळ हसली, आणि म्हणाली, "मी नको गं. माझ्यामुळे खोळंबा होतो सगळ्यांचा. तुझ्या लग्नात बघितलंस ना?"

केतकी म्हणाली, "मामा, तू सांग ना आजीला."

फोन माझ्याच हातात होता. आई माझ्यापासून एका हातावर. आणि मी म्हणालो, "अगं, तिला नाही झेपत प्रवास."

त्यामुळे हे तीन वर्षांपूर्वीचं पाप वगैरे म्हणू नका. ते परवाचंही आहे.

ताई हे वाचेल. केतकी वाचेल. शुभांगी तर लिहिताना मागून डोकावतेच आहे, मी पान झाकतोय. वाचू देत. मला कोणाचा निकाल नको, सल्ला त्याहून नको. फक्त जे झालं ते जसंच्या तसं एकदा कागदावर असावं, म्हणून लिहितो.

हेंद्रेपाडा ते कराड, साडेचार तास. आई गाडीतून एकदाही उतरली नाही. मी थांबणार नाही म्हणालो होतो, म्हणून तिने सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. तिच्या बाजूच्या दारात मीच ठेवलेली पाण्याची बाटली होती. बूच उघडलेलंच नव्हतं.

परत निघताना पुढची काच धुळीने भरली होती. ती मी त्या पाण्याने धुतली.