भोंगादादा गप्प झाला

भाजीबाजाराच्या मागच्या फाटकातून शिरून पुढच्या फाटकातून बाहेर पडायचं तर माणूस घामाघूम होतो. गाळ्यांच्या रांगा, हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, पायाखाली निसरडा पाला, आणि ज्याला त्याला आपलीच घाई. पण त्या पसाऱ्यात कुठंही उभं राहा, एक आवाज कानात शिरल्यावाचून राहायचा नाही. तो भोंगादादाचा. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याचं त्यालाच आठवावं लागे. तोंडावर सगळे दादा म्हणत आणि पाठ वळली की भोंगा. पुढं दोन्ही एकत्र झाली, आणि त्याचं त्याला काही वाईट वाटलं नाही.

दादाचं काम लिलाव पुकारायचं. मालक, म्हणजे ज्याच्या गाळ्यावर माल उतरायचा तो अडत्या, ढिगांच्या बाजूनं चालायचा. दादा उपड्या खोक्यावर उभा राहून बोली चढवायचा. कोणत्या गिऱ्हाइकाची भुवई हलली, कोणी नुसतंच नाक खाजवलं, हे त्याला न बघता कळायचं. 'एक वार, दोन वार' म्हणताना तो असा काही श्वास धरायचा की घेणाऱ्यानं घाईनं बोली वाढवावी.

हे काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सातवीत असताना बाप गेला, शाळा सुटली आणि पोरानं पाठीवर पोतं घेतलं. एका सकाळी जुन्या पुकाऱ्याचा घसा बसला. मालक वैतागून म्हणाला, "अरे, कोणीतरी ओरडा रे!" तेव्हा या हमाल पोरानं पोतं खाली ठेवलं आणि आवाज लावला. छपरावरची कबुतरं उडाली, असं तो सांगायचा. त्या दिवसापासून त्याच्या पाठीवर पुन्हा पोतं चढलं नाही.

घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. तिच्या हातांना साबणाचा वास कायमचा चिकटलेला, आणि जीभ इस्त्रीसारखी, गरम पण सरळ. आणि एकुलती एक लेक. बाजारातला आवाज दादा बाजारात ठेवून येत नसे. लेक पहिलीत असताना तिच्या परीक्षेचा कागद हातात आला की तो खाटेवर चढून उभा राहायचा.

"बहात्तर! बोला, बहात्तरवर कोण? हा ताजा, टवटवीत माल! ऐंशी कोण म्हणतंय?"

"नव्वद!" लेक टाळ्या पिटायची.

"नव्वद एक वार, नव्वद दोन वार..." आणि शेवटी तिलाच उचलून खांद्यावर घ्यायचा. खालून सायकलवाला ओरडायचा, "दादा, मला परवडत नाही, ठेवा तुमच्याकडेच!"

पोरगी मोठी झाली, पुकारा तसाच राहिला. फरक एवढाच की आता ती टाळ्या वाजवत नसे. अडुसष्टचा पुकारा सायकलवाल्यापर्यंत जातो, तिथून चौकात, हे तिला कळू लागलं होतं. "अजून पेपर दिले नाहीत," असं ती सांगू लागली. पोरीला आपला धाकच वाटत नाही म्हणून दादाला वाईट वाटे, आणि तो आणखी मोठ्यानं विचारी, "किती पडले?"

त्याच्या मनात मात्र एकच होतं. लेकीनं बारावी व्हावं, कॉलेजात जावं, पदवी घ्यावी. कॉलेज म्हणजे काय, तिथं आत गेल्यावर माणूस दिवसभर काय करतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. लांबून दिसणाऱ्या दिव्यासारखं ते होतं. आणि त्या दिव्यापर्यंतची वाट गुणांनीच बांधलेली आहे, अशी त्याची समजूत.

लेक बारावीत गेली, तेव्हा शाळेकडून निरोप आला. शनिवारी दुपारी शेवटच्या वर्गाच्या आईवडिलांनी सुतारकामाच्या खोलीत यावं.

ती खोली रंधामास्तरांची. लाकूडकाम शिकवता शिकवता मास्तरांचे केस पांढरे झाले होते. त्यातले अर्धे पिकून आणि अर्धे भुशानं, असं मुलं म्हणत. मुलांना पुढं काय करायचं हे विचारायला शाळेत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी ते काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. त्यांनी ते जीव लावून केलं. त्यांच्या बैठकीला खुर्च्या नसायच्या. आलेल्या प्रत्येकाच्या हातात ते पॉलिश पेपरचा तुकडा द्यायचे आणि मोडक्या बाकाचा एकेक पाय पुढं करायचे.

"नुसतं बसवलं तर माणूस जांभया देतो, नाहीतर शेजाऱ्याच्या पोराशी आपलं पोर ताडून बघतो," ते म्हणत. "घासा. हात कामात असले की मनातलं खरं बाहेर येतं."

दादानं घासायला घेतलं आणि बोलायलाही, तेही बाजारातल्याच आवाजात. लेकीचे गुण, गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे, कुठं चढले, कुठं पडले. औषधाच्या दुकानात काम करणारी एक आई शेवटी हसून म्हणाली, "दादा, माझ्या मुलाचे मला एवढे पाठ नाहीत, पण तुमच्या मुलीचे आता झाले हो."

मास्तर रंधा थांबवून म्हणाले, "दादा, खोली एवढीच आहे."

सगळे हसले. दादाही हसला, पण ओशाळला. निघताना मास्तरांनी त्याला दाराशी थांबवलं. "एक कराल? पुढचा महिनाभर घरात गुणांचा शब्द काढू नका."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

दादानं शब्द दिला. आता दादा दिल्या शब्दाचा पक्का. पण स्वतःला ओळखूनही होता. घरी येताना त्यानं पुरता विचार केला. लेकीसमोर तोंड उघडलं की पहिलं 'किती पडले' हेच निघणार. बैल जसा सवयीनं आपल्या गोठ्याकडे वळतो, तशी त्याची जीभ तिकडंच वळणार. मग जीभ सोडायचीच नाही. तोंडच उघडायचं नाही. मास्तरांनी एक शब्द मना केला होता; दादानं सगळेच बंद केले.

घरात शांतता आली. पहिल्यांदा बायकोला बरं वाटलं, मग काळजी. "अहो, घसा धरलाय का? की माझ्यावर राग आहे? राग असेल तर बोला, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता येतील."

"पथ्य आहे," दादा एवढंच म्हणाला आणि ताटाकडे बघत जेवू लागला. तिनं मिठाचं गरम पाणी करून दिलं. दादानं मुकाट गुळण्या केल्या. सायकलवाला जिन्यातून डोकावून गेला. "वहिनी, दादा घरात आहेत ना? आवाज नाही, म्हणून म्हटलं बघावं."

लेकीच्या टेबलाजवळून जाताना दादा ओठ आवळून जाई. तिनं मान वर केली तर घाईनं खिडकीबाहेर बघे. त्याला वाटे, काय छान जमतंय आपल्याला! पोरीला अभ्यासाला मोकळीक मिळाली. लेकीनं पुस्तकं टेबलावरून उचलून कोपऱ्यात ठेवली, तेही त्याला दिसलं. आवराआवर केली असेल, असं त्याला वाटलं.

मग एका सकाळी बाजार भरात होता. फ्लॉवरचे ढीग चालले होते. दादाची बोली चढत होती आणि मालक खूश होता. दोन ढिगांच्या मधे तो खोक्याला हात लावून म्हणाला, "दादा, अभिनंदन! पोरगी आपल्याकडेच येतेय म्हणे पावत्या लिहायला. काल येऊन विचारून गेली. शाळा सोडते म्हणाली, उद्यापासून येऊ का? म्हटलं, अगं परीक्षा तरी दे! तर म्हणते, देऊन काय करू."

पुढचा ढीग समोर होता. गिऱ्हाइकं तोंडाकडे बघत होती. दादानं श्वास घेतला, पण आवाज आला नाही.

"अरे, भोंगा बंद पडला!" कोणीतरी ओरडलं. "धक्का मारा, धक्का!"

हशा झाला. दादा खोक्यावरून उतरला आणि चालू लागला. इतक्या वर्षांत ढीग अर्धा टाकून तो कधी गेला नव्हता. मालक मागून हाका मारत राहिला.

शाळेत मधली सुट्टी होती. रंधामास्तर एकटेच खोलीत डबा खात होते. दादानं दारातच सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक की मास्तरांना डबा बाजूला ठेवून जवळ यावं लागलं.

"म्हणजे महिनाभर तुम्ही पोरीशी बोललाच नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, एकसुद्धा नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. हसू येत होतं, पण समोरचा माणूस बघून ते हसले नाहीत. "गुणांचा म्हणालो होतो, दादा. पण अर्धी चूक माझी आहे. काय सोडायचं ते सांगितलं, त्या जागी काय धरायचं ते सांगायचं राहूनच गेलं."

"मग काय बोलू? मला दुसरं येतं काय?"

"ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही ते विचारा. आणि विचारून झालं की थांबा. बोली चढवू नका." मग आठवून म्हणाले, "तिचं टेबल धड आहे का?"

"डुगडुगतं. किती वर्षं कागदाची घडी लावलीय पायाखाली."

मास्तरांनी त्याला लाकूड चिकटवायचा थोडा सरस दिला, एक पाचर आणि पॉलिश पेपर. "समोरासमोर बसवू नका तिला. टेबल उलटं करा आणि दोघं मिळून पाय बसवा."

दादा तसाच घरी आला. संध्याकाळी लेक आली, तर टेबल चारी पाय वर करून जमिनीवर पडलेलं, आणि बाप मांडी घालून त्याच्यापुढं.

"हे कशाला काढलंत? आता लागणार नाहीये मला."

"पाय धर जरा," दादा म्हणाला.

ती बसली. त्यानं सांध्यातला जुना सरस खरवडला. घासताना पांढरी भुकटी दोघांच्या हातांवर पडत होती. एक सांधा मोकळा झाला. मग दादानं घसा साफ केला. "मला माहीत नाही म्हणून विचारतो. तुला शिकायला काय आवडतं?"

तिचा हात थांबला. "आता कशाला विचारताय? तुम्ही तर माझा नाद सोडलात."

"मी?"

"मला वाटलं घसा दुखतो. पण रोज शाळेला जाताना बाजाराच्या कुंपणावरून तुमचा आवाज ऐकू येतो, बाबा. तिकडे खणखणीत, आणि घरात आलं की बंद." तिचे डोळे भरून आले. "बाजारात तुम्ही गप्प कधी होता? मालाला घेणारा नसतो तेव्हा. मग ढीग बाजूला सारतात. मी काय लहान आहे का, मला कळत नाही?"

दादानं पॉलिश पेपर खाली ठेवला. आतल्या खोलीत कपडे घडी करणारी बायकोही दारात येऊन उभी राहिली. दादानं मग सगळं सांगितलं. मास्तर, महिना, एक शब्द, गुळण्यासुद्धा.

"म्हणजे मिठाचं पाणी मी फुकटच उकळत होते?" बायको म्हणाली.

लेक रडता रडता हसली. आणि हसली तशी बोलली. "बाबा, रोज दुपारी गाळ्यामागं केवढी भाजी फेकतात, बघितलंत? अर्धी तर नुसत्या उन्हानं जाते. फळं, भाज्या टिकवायच्या कशा, थंड कशा ठेवायच्या, त्याचं शिक्षण असतं. ते आवडतं मला. पण ते कॉलेज दुसऱ्या शहरात आहे. आणि माझे गुण..."

ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. दादाच्या जिभेच्या टोकावर आकडा आला होता. त्यानं तो गिळला. "भाजी थंड ठेवली की टिकते, एवढं मला कळतं. पण का टिकते गं? आत काय होतं तिच्या?"

लेक सांगू लागली. भाजी तोडल्यावरही श्वास घेत राहते, म्हणून आतून तापते आणि लवकर म्हातारी होते; थंडीत तो श्वास मंदावतो. आयुष्य भाजीत गेलेला बाप तोंड उघडं ठेवून ऐकत होता. सरस वाळला, टेबल सरळ झालं, तरी तिचं संपेना. दुसऱ्या सकाळी पुस्तकं परत टेबलावर होती. मालकाकडे निरोप द्यायला दादा स्वतः गेला आणि अर्ध्या टाकलेल्या ढिगाबद्दल माफी मागून आला.

पुढचे महिने सोपे नव्हते. गणितानं तिला रडवलं. दादाच्या तोंडून दोन-तीनदा 'किती' निसटलं. बायकोनं लगेच मिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं. दर शनिवारी मास्तरांच्या बैठकीला जायला मात्र तो चुकला नाही. कॉलेजात काय विचारतात, राहायची सोय कुठं, हे मास्तरांनी त्याला एकेक करून समजावलं, आणि त्या बदल्यात दादानं शाळेचे किती बाक घासले याची गणती नाही.

लेक पास झाली. गुण चारचौघांसारखेच पडले, पण हवं ते कॉलेज मिळालं. ते कळलं त्या दुपारी बापलेक शाळेत आले. लेक मैत्रिणींपाशी फाटकात थांबली. दादा सुतारकामाच्या खोलीत गेला आणि हात जोडून अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "मास्तर, मिळालं. तुमच्यामुळं माझ्या घराला माझी लेक परत मिळाली. कॉलेज त्याच्या नंतरचं."

मास्तरांनी हातातली फळी खाली ठेवली. मग त्यांनी उठून खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"दादा, आज खोलीचा विचार करू नका."

दादाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो कडेच्या एका बाकावर चढला, छातीभर श्वास घेतला आणि आवाज लावला. लेकीचं नाव, तिच्या कॉलेजचं नाव, ती काय शिकणार ते, आणि शेवटी रंधामास्तरांचे आभार, तीन वार. गुणांचा आकडा त्यात नव्हता. वर्गावर्गातून डोकी बाहेर आली. फाटकात लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि बोटांच्या फटीतून ती हसत होती.

दादा खाली उतरला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातात पॉलिश पेपर ठेवला. ज्या बाकावर तो चढला होता, त्याचा एक पाय हलत होता.